तिसरं पेडल

सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले, आणि ‘शिकाऊ’ अशी पाटी लावलेल्या त्या पांढऱ्या गाडीने असा काही दणका खाल्ला की खिडकीतून एक चष्मा उडाला आणि फुटपाथवर थेट डॉक्टरीणबाईच्या पायाशी येऊन पडला.

“अगं आई गं!” ती दोन पावलं मागेच उडाली.

ही डॉक्टरीणबाई काही माणसांची डॉक्टर नव्हे हं. मामाच्या गॅरेजमध्ये ती ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स तपासायची. गळ्यात स्टेथोस्कोप. त्याचं एक टोक लोखंडाला लावायचं, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. गाडीत काय बिघडलंय ते तिला पाना हातात घ्यायच्या आधी कळायचं, म्हणून गिऱ्हाइकांनीच तिचं हे नाव पाडलं होतं.

तिने चष्मा उचलला. तोवर गाडीतून एक उंच माणूस धावत उतरला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केस विस्कटलेले, आणि चेहरा असा की चूक ह्याचीच असावी.

“माफ करा हं, लागलं नाही ना तुम्हाला?”

“मला नाही. गाडीला लागलंय.” ती म्हणाली. “इंजिन ओरडतंय, पण गाडी जागची हलत नाही… आणि मग एकदम सुटते. असंच ना? आणि ऑइल जळतंय. वास येत नाही तुम्हाला?”

तो बघतच राहिला. “मला वाटलं, कुणाच्यातरी घरी पाव करपलाय.”

“मास्तर!” स्टिअरिंगवर बसलेल्या बाई आतून कडाडल्या. “मी काहीही केलेलं नाही! आधीच सांगून ठेवते!”

ह्या हेडबाई. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. चौसष्टाव्या वर्षी गाडी शिकायला निघाल्या होत्या, आणि मागच्या हॉर्नवाल्याला झापायला मान बाहेर काढली असतानाच त्यांचा चष्मा गेला होता.

“मास्तर म्हणजे तुम्ही शिकवता?” डॉक्टरीणबाईने चष्मा त्याच्या हातात दिला.

“आत्याचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. मी तिथला मास्तर.” चष्मा घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली आणि तो उगाचच कानापर्यंत लाल झाला. “पण तुम्हाला हे सगळं बाहेरून… कसं काय कळलं?”

“ऐकू आलं.” ती म्हणाली, आणि गॅरेजचा पत्ता सांगून चालायला लागली. ती रोज चालतच जायची. का, ते पुढे कळेलच.

दुपारी गाडी गॅरेजमध्ये हजर. मामाने बॉनेट उघडलं. त्याचा एक हात प्लास्टरमध्ये होता, शिडीवरून पडला होता बिचारा. ऑइल मोजायची पट्टी तिने बाहेर काढली आणि पांढऱ्या फडक्यावर पुसली. लालचुटूक असायला हवं ते ऑइल चॉकलेटी झालं होतं.

“गेला!” मामा म्हणाला. “आतल्या क्लच प्लेटा जळल्या असणार. गिअरबॉक्स उघडायला लागणार, मास्तर.”

मास्तरांचा चेहरा पडला. “मग संपलंच. आत्या म्हणालीय, गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर शनिवारी गाडी विकून टाकणार आणि ऑटोमॅटिकचा वर्ग बंद. माझा तेवढा एकच वर्ग आहे. थोरल्या भावाने त्याच्या गावी गोदामात नोकरी बघून ठेवलीय. रविवारपासून खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या.”

“आज सोमवार.” डॉक्टरीणबाई पटकन बोलून गेली. “शनिवारला वेळ आहे अजून. मी ऐकल्याशिवाय कुणी काही उघडायचं नाही.”

मामाने भाचीकडे चमकून पाहिलं. नऊ वर्षांत तिने गिऱ्हाइकासाठी त्याचा शब्द कधी मोडला नव्हता.

गॅरेजची पद्धत अशी होती, की रस्त्यावर तपासणीला गाडी न्यायची ती मामाने चालवायची. डॉक्टरीणबाई शेजारी डोळे मिटून, पाय आखडून बसायची. लोकांना वाटायचं, काय बाई एकाग्रता! आता मामाचा हात गळ्यात, म्हणून मास्तरांनीच गाडी काढली. ती शेजारी बसली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा… कुठे दणका नाही, कुठे ओरडा नाही. लोण्यासारखी चालली गाडी!

“अशक्य!” तिने डोळे उघडले. “सकाळी तर जीव जात होता हिचा!”

“तुम्ही शेजारी बसलात की शहाण्यासारखी वागते.” मास्तर समोर बघत म्हणाले.

“गाडी ना?”

“गाडीच. दुसरं कोण?”

ती खिडकीकडे वळली, कारण हसू येत होतं आणि ते दिसायला नको होतं.

मंगळवारी हेडबाईंना चालवायला बसवलं. डॉक्टरीणबाई शेजारी, मास्तर मागच्या सीटवर. तरीही दणका नाही! हेडबाईंनी विजयी मुद्रेने मागे वळून पाहिलं. “बघा. मी म्हणत नव्हते? मी उत्तमच चालवते.”

“समोर बघा, हेडबाई! समोर!” मास्तर मागून ओरडले.

अहो, तपासणीला बसलं की बिघाड गायब! मास्तर परत वर्ग घ्यायला गेले की तासाभरात त्यांचा फोन, “आत्ताच बसला दणका. माझे दात वाजले.” डॉक्टरीणबाईचं डोकं चालेना. शेवटी तिने ठेवणीतली डबी काढली. काड्यापेटीएवढी, वर लाल बटण. डॅशबोर्डखाली जोडली आणि मास्तरांना बजावलं, “दणका बसला की बटण दाबायचं. वेग किती, गिअर कोणता, कोणतं पेडल किती दाबलं, सगळं ही लिहून ठेवते. पुढच्या अर्ध्या तासाचंही. विसरायचं नाही.”

“आणि दणका नाही बसला, पण तुमची आठवण आली तर?”

“तर गुपचूप गाडी चालवायची!” ती म्हणाली खरी, पण दिवसभर हातातला पाना दोनदा खाली पडला.

बुधवारी तो आला, डबीतल्या नोंदी द्यायला. गुरुवारी आला, काही कारण नसताना. गॅरेजच्या पायरीवर बसून दोघांनी चहा घेतला. तो शिकवण्याबद्दल बोलत होता. कुणाला वळण जमत नाही, कुणाला आरसा दिसत नाही, आणि मग एक दिवस सगळं कसं जमून जातं.

“सात वर्षं झाली.” तो अभिमानाने म्हणाला. “माझ्या बाजूलाही ब्रेक आहे, पण कारणाशिवाय माझा पाय कधी त्यावर गेला नाही. विद्यार्थ्याच्या हातात गाडी दिली की दिली. विश्वास नाही टाकला तर तो शिकणार कसा?” मग एकदम तिच्याकडे वळला. “तुम्ही कुणाकडे शिकलात?”

तिने अर्धा चहा तसाच पायरीवर ठेवला. “मला… काम आहे आत.” आणि ती पळाली.

आत जाऊन तिने डबीतल्या नोंदी वाचायला घेतल्या. सात दणके. सातही वेळा एकच गोष्ट: रेस दाबलेली आणि त्याच क्षणी ब्रेकही लागलेला. ती ताडकन उठून उभी राहिली. गिअरबॉक्सला काही झालंच नव्हतं! एका पायाने पुढे जा म्हणायचं आणि दुसऱ्याने थांब म्हणायचं, मग बिचारा गिअरबॉक्स तापणार नाही तर काय? ब्रेक सुटला की साठवलेली सगळी ताकद एकदम धावणार, आणि दणका!

तिने हेडबाईंना फोन लावला. “तुम्ही दोन्ही पाय वापरता का हो?”

“काय बोलतेस काय?” पलीकडे आभाळ फाटलं. “मास्तरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, डावा पाय मागे ओढून ठेवा. तो मी असा मागे ओढते की तासाभराने मुंग्या येतात त्याला! चाळीस वर्षं शिस्त शिकवली मी!”

हेडबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. मग ब्रेक दाबला कुणी?

शुक्रवारी सकाळी ऑइल बघायला म्हणून गाडी गॅरेजमध्ये आली. डॉक्टरीणबाई टॉर्च घेऊन पेडलांपाशी वाकली. चालवणाऱ्याच्या ब्रेकवरचं रबर चांगलं होतं, त्यावरच्या रेषासुद्धा शाबूत. मग तिने टॉर्च पलीकडे नेला, शिकवणाऱ्याच्या बाजूला. तिथलं तिसरं पेडल. जे कारणाशिवाय कधीच दाबलं जात नव्हतं, ते.

त्याचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. एका कोपऱ्यात तर लोखंड दिसत होतं.

 ती तशीच जमिनीवर बसली. सोमवारी त्या सीटवर ती स्वतः होती, मंगळवारीही तीच. मास्तर तिथे नव्हते, म्हणून दणका नव्हता. अरे देवा! बिघाड गाडीत नव्हताच. मास्तरांच्या पायात होता, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

आता सांगायचं कसं? सांगितलं नाही, तर उद्या गाडी विकली जाणार आणि हा माणूस जाणार. सांगितलं, तर ‘विश्वास टाकतो मी’ म्हणणाऱ्या माणसाला सांगायचं, की तुम्ही सातही वेळा विद्यार्थ्यावर विश्वास टाकला नाहीत. ह्या धक्क्याने तो शिकवणंच सोडून जाईल. इकडे आड, तिकडे विहीर! आणि हेडबाईंसमोर त्याची फजिती न करता खात्री करायची तर एकच उपाय होता. तो त्याच्या सीटवर हवा, आणि शिकाऊच्या सीटवर तिने बसायला हवं.

संध्याकाळी ड्रायव्हिंग स्कूलच्या सरावाच्या मैदानावर ती चालत पोचली. मैदान रिकामं होतं, टायरांच्या रांगा मांडलेल्या होत्या.

“आज मी चालवणार.” ती म्हणाली.

“चालवा की. तुमच्यासारख्या…”

“मला येत नाही.”

मास्तर हसले. मग तिचा चेहरा बघून थांबले. “म्हणजे?”

“म्हणजे मला गाडी चालवता येत नाही. आख्ख्या गावाचे गिअरबॉक्स तपासते, पण चालवता येत नाही.” एकदा सुटली ती सुटलीच. “एकोणीस वर्षांची होते. ब्रेक समजून रेस दाबली. मामा समोर उभा होता. त्याने भिंतीकडे उडी मारली म्हणून वाचला, नाहीतर… तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला की हात बर्फ होतात. मामाशिवाय कुणाला माहीत नाही. तुम्हाला हसायचं असेल तर हसून घ्या.”

मास्तरांनी आ वासला होता, पण हसले नाहीत. त्यांनी दार उघडून धरलं. “बसा,” ते हळूच म्हणाले. “घाई नाही. उशीर झाला तर दिवे लावू.”

तिने डावा पाय मागे ओढला, उजवा ब्रेकवर. गिअर टाकला. मग ब्रेक सोडून रेसवर अगदी थोडा भार… इंजिन ओरडलं. गाडी हलेना. तिने अजून दाबलं. आणि एकदम धाडकन दणका! दोघंही पट्ट्यात अडकून मागे-पुढे आपटले.

“बघा! हेच! हेच!” मास्तर आनंदाने ओरडले. “सापडला की नाही बिघाड?”

“सापडला.” तिने गाडी थांबवली.  “मास्तर… खाली बघा. तुमचा पाय.”

त्यांनी पाहिलं. बूट पेडलवर होता. घट्ट.

कुणीतरी थोबाडीत मारावी तसे ते पाहत राहिले. पाय झटकन मागे घेतला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. “नाही. हे आत्ताच… तुम्ही घाबरला होतात म्हणून…”

“रबर बघा त्याचं.” तिला रडू येत होतं. “आणि डबीत सात नोंदी आहेत. गिअरबॉक्स ठीक आहे. ऑइल बदललं की झालं.”

 मग मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “दोन वर्षांपूर्वी एक सायकल आली होती चाकाखाली. मी ब्रेक मारला, पण उशिरा. पोरगं बाजूला पडलं, खरचटलंसुद्धा नाही त्याला. सायकलचा मात्र चेंदामेंदा. मला वाटलं, मी विसरलो ते.” ते कसंनुसं हसले. “पाय नाही विसरला. म्हणजे दोन वर्षं मी सगळ्यांना खोटं सांगतोय. बरोबरच आहे आत्याचं. असल्या मास्तरने खोक्यांनाच चिठ्ठ्या चिकटवाव्यात.”

“अजिबात नाही!” ती इतक्या जोरात म्हणाली की स्वतःच दचकली. “नऊ वर्षांत मला कुणी इथे बसवू शकलं नाही. मामा नाही, कुणी नाही. आज मी बसले. तुम्ही शेजारी होतात म्हणून बसले. असला मास्तर गोदामात जाऊन कसं चालेल? मी कुणाकडे शिकू मग?”

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की काय, तिला नीट दिसलं नाही, कारण तिच्याही होतं. मग त्यांनी वाकून बूट काढले. मोजे काढले. दोन्ही मागच्या सीटवर फेकले, आणि चक्क मांडी घालून बसले. सीटवर! जेवायला बसावं तसे!

“अहो, हे काय?”

“आता पाय पोचणारच नाही. चला. गाडी तुमच्या हातात.”

“मी तुम्हाला मारलं तर?”

“तर हेडबाई तुम्हाला सोडणार नाहीत. चला म्हणतो ना.”

तिने श्वास घेतला. ब्रेक सोडला. गाडी आपसूक, हलकेच पुढे सरकली. रेसवर जरा भार दिला… पहिला, दुसरा. दणका नाही. तिच्या कानांना आतला प्रत्येक बदल ऐकू येत होता, आणि पहिल्यांदाच तो तिच्या पायाने होत होता. टायरांची रांग मागे गेली. ती हसायला लागली, मोठ्याने, लहान मुलीसारखी.

“चालतेय! मास्तर, चालतेय!”

“चालणारच.” ते अगदी शिकवायच्या सुरात म्हणाले, पण हात गुडघे घट्ट धरून होते. “नजर लांब ठेवा. खांदे सैल सोडा. आरशात बघा. पुढच्या टायरापाशी सावकाश वळा… आणि माझ्याशी लग्न करा.”

करकचून ब्रेक! असा दणका, असा दणका की मांडी घातलेले मास्तर पट्ट्यासकट एका कुशीवर कलंडले.

“हा मी नव्हतो!” ते तसेच आडवे, दोन्ही पाय हवेत, म्हणाले. “हा पूर्णपणे तुमचा होता!”

“काय… काय म्हणालात तुम्ही?” तिचे डोळे वाटोळे झाले होते. “चार दिवसांची ओळख…”

“पाच. सोमवार धरा. चष्मा धरा.” त्यांनी कसाबसा हात लांबवला आणि डबीवरचं लाल बटण दाबलं. “दणका बसला की बटण दाबायचं. तुमचाच नियम.”

शनिवारी सकाळी मामा चष्मा नाकावर चढवून डबीतल्या नोंदी वाचत बसला होता. मास्तर बाहेर गाडीत नवं ऑइल भरत होते. आत्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं होतं, ‘मेल्या, पाय बांधून ठेवीन तुझे’ म्हणाली होती आणि गाडी विकायचं रद्द केलं होतं.

“ही आठवी नोंद कुठली गं?” मामाने कपाळाला आठ्या घातल्या. “काल संध्याकाळी सहा बारा. वेग अठरा, ब्रेक पूर्ण दाबलेला. आणि त्यानंतर बावीस मिनिटं गाडी जागची हललेली नाही! काय बिघडलं होतं?”

“काही नाही, मामा.” तिचा चेहरा लालबुंद झाला. “मास्तरांनी मला मागणी घातली. मी हो म्हटलं.”

“बरं बरं, ते कळलंच होतं मला.” मामाने हात झटकला. “पण हे सांग, मास्तरांनी बडबडताना गाडी चालवायची कशाला?”

“मास्तर नव्हते चालवत.” ती थांबली. “मी चालवत होते.”

मामाच्या हातातून डबी पडली.  लग्नाने न बसलेला धक्का ह्या एका वाक्याने बसला होता. मग प्लास्टरच्या हातानेच डोळे पुसत तो तरातरा बाहेर गेला, गॅरेजच्या भिंतीपाशी, बरोबर त्याच जागी, जिथे तो नऊ वर्षांपूर्वी उभा होता.

“आण गाडी.” तो म्हणाला. “इथे आण. माझ्यासमोर.”

“मामा, नको!”

“आण म्हणतो ना! मी हलणार नाही.”

तिने मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मुकाट्याने हात पुसले, बूट काढून पायरीवर ठेवले आणि शेजारच्या सीटवर मांडी घालून बसले. ती आत बसली. हात बर्फ झाले नव्हते असं नाही, झालेच होते. तरी तिने गिअर टाकला आणि ब्रेक सोडला. गाडी सरकत गेली. मामा मोठा होत गेला, त्याच्या शर्टाची बटणं दिसायला लागली, आणि तिने पाय अलगद ब्रेकवर ठेवला.

मामापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. गाडीतलं कुणी जरासुद्धा हललं नाही.

मामाने प्लास्टरचा हात बॉनेटवर ठक ठक वाजवला. “ठणठणीत आहे,” तो म्हणाला आणि पुन्हा डोळे पुसायला लागला.